चोळायला राकिया मिळणार नाही

ती पाटी काय बघतोस, ओग्न्येन? वाचता येतं ना, की शहरात जाऊन तेही विसरलास? माझ्याच हातची आहे. चौथीत शाळेने मला सोडलं, तेव्हा चुका काढू नकोस. 'प्यायला मिळेल. चोळायला राकिया मिळणार नाही.' बास, एवढंच.

आत्याला चोळायला अर्धा लिटर राकिया हवी म्हणतोस. तिला पडसं झालंय, अंग कणकणतंय. बरं. ती कॅन्सरचे डोस वगैरे घेत नाही ना? नाही? नक्की? मग ऐक. संध्याकाळी ती माझ्या कुंपणाशी उभी राहून माझ्या कोंबड्यांच्या सात पिढ्या काढत होती. एवढा दम असलेली बाई पडशाने मरत नाही. तिला म्हणावं इथे ये, भट्टीच्या उबेला बस, दोन पेले घे. अंगावर ओतायला मात्र या भट्टीतून दारूचा थेंब जायचा नाही. तुझ्या आत्याला नाही, पाद्र्याला नाही आणि पाद्र्याच्या सासूलाही नाही.

कंजूस म्हणा मला. म्हणतातच सगळे.

नेवेना, एक ओंडका सरकव आत. ओला नको. ओल्याचा धूर होतो, आणि मग पोरी म्हणतात डोळ्यांत पाणी गोष्टीमुळे आलं. आणि तू हसू नकोस रे. आज हसशील, पण घरी जाताना वाटेत बंद दवाखाना लागतो तुला, हे लक्षात ठेव.

सिस्टर स्तामेना तुम्हाला आठवते? तुमच्या ढुंगणाला तरी आठवत असेल. एकतीस वर्षं तिने या खोऱ्यातलं एकेक ढुंगण टोचलं. काळी सायकल होती तिची. पायडल थांबवलं की मागचं चाक टिकटिक करायचं. ती टिकटिक ऐकली की पोरं माळ्यावर चढायची, आणि मोठे बाप्ये त्यांच्या आधी. थर्मामीटर झटकायची तिची एक रीत होती. मनगट सैल, तीन झटके. सुत्, सुत्, सुत्. मग काखेत. आणि पुरी दहा मिनिटं झाल्याशिवाय काढायची नाही, घराला आग लागली तरी.

एकदा मी तिला फसवायला गेलो. सहकारी संस्थेत बटाटे काढायचे होते आणि मला काढायचे नव्हते. तिची पाठ वळली तशी मी थर्मामीटर चहात बुडवला. पारा बेचाळीसवर. तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "वुकाशिन, तू मेलास. जा, घरी सांग." मग खिशातून लाल नेलपॉलिश काढलं आणि काचेवर बेचाळीसच्या आकड्याला एक ठिपका दिला. "ही तुझी हद्द. गरम केलेला ताप असो की गार केलेला, मला खोटा ताप लगेच कळतो." पुढे आयुष्यभर तोच थर्मामीटर वापरला तिने, आणि घरोघर तो ठिपका दाखवून माझी इज्जत काढली.

तिला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा दवाखाना बंद पडून वर्ष झालं होतं. डॉक्टर द्यायला सरकारकडे माणूस नव्हता म्हणे. कुलूप लावायला मात्र होता.

मार्च महिना. डोस घेऊन नऊ दिवस झालेले. रात्री तिला ताप भरला. ती स्वतःच्या पायांनी जिल्ह्याच्या इस्पितळात गेली आणि खिडकीतल्या बाईला म्हणाली, "माझ्या पांढऱ्या पेशी संपल्यात. ताप एकोणचाळीस आहे. ताबडतोब अँटिबायोटिक लावा." खिडकीतली बाई म्हणाली, "गावच्या डॉक्टरची चिठ्ठी?" स्तामेना म्हणाली, "गावचा डॉक्टरच नाही." बाई म्हणाली, "सिस्टर, आज तुम्ही पेशंट आहात. पेशंटसारख्या बसा. सकाळी बघू."

बसली. दारापासून तिसऱ्या बाकावर. सकाळी झाडूवाली आली तेव्हाही बसलेलीच होती.

एकतीस वर्षं जिने सगळ्या खोऱ्याचा ताप मोजला, तिचा मोजायला एक माणूस उठलं नाही! जाऊ दे. माझा आवाज चढतो. ओंडका कुठाय तो?

आता तिहोमीरची गोष्ट. पिंपवाला तिहोमीर, वरच्या आळीचा. ही पिंपं त्याचीच. त्याच्या तोंडून जे ऐकलं तेच सांगतो, आणि त्या माणसाला थाप मारता येत नाही. पत्ते खेळतानाही येत नाही, म्हणून मला तो आवडतो.

स्तामेनाला पुरून आठ महिने झाले होते. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. तिहोमीरची बायको देसांका, तिच्या मानेत गाठी आल्या होत्या, कॅन्सरच्या. दर तीन आठवड्यांनी बेलग्रेडला डोस. छातीत कातडीखाली एक छोटी डबी बसवलेली, त्यात सुई टोचून औषध द्यायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता, तो फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ताप अडतीस झाला की एका तासात इस्पितळ. घरगुती उपाय नाही. सकाळची वाट बघायची नाही.

त्या दिवशी डोस होऊन दहा दिवस झाले होते. रात्री साडेआठला देसांका म्हणाली, "थंडी वाजते रे." दोन गोधड्या घातल्या. तरी दात वाजत होते. तिहोमीरने ताप बघितला. अडतीस पॉइंट दोन.

तो कागदाकडे बघतोय तेवढ्यात सासूबाई क्र्स्तीना बोलल्या. ऐंशी वर्षांची म्हातारी, आवाज मात्र चर्चच्या घंटेचा.

"सकाळी मिरच्या भाजल्या तेव्हा दोन्हीकडच्या खिडक्या कुणी उघड्या टाकल्या होत्या, जावईबापू?"

"आई, धूर झाला होता."

"धुराने कोण मेलंय? माणूस मरतो आरपार वाऱ्याने! वारा लागलाय पोरीला. राकिया चोळ, पायांत व्हिनेगरमध्ये भिजवलेले मोजे घाल, सकाळी उड्या मारेल."

"कागदावर लिहिलंय..."

"कागद लिहिणारीला कुणी चोळलीच नसेल कधी!"

देसांकाच म्हणाली, "आई म्हणते ते करून बघ आधी. एवढ्या रात्री त्या बाकावर नको मला." तो बाक सगळ्यांना माहीत होता. म्हणून लोक आणखी घाबरायचे, आणि घाबरून आणखी उशीर करायचे. आलं लक्षात?

घरातली राकिया संपली होती. रिकामी बाटली घेऊन तिहोमीर निघाला, इकडे, या भट्टीकडे. नऊ वाजून पाच मिनिटं. चांदणं नव्हतं. कुत्रीही गप्प. तसा साधा रस्ता, जन्मभर पायाखालचा.

दवाखान्याच्या खिडकीत दिवा होता.

त्याला वाटलं, ग्रामसमितीचं कुणीतरी असेल, आत त्यांच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. चार पावलं गेला. खिडकीत पांढरा कोट दिसला. पाठमोरा. हात उचललेला. मनगट सैल.

सुत्. सुत्. सुत्.

"किती आहे?" आतून आवाज.

सवय हो. एकतीस वर्षांची सवय. तो म्हणून गेला, "अडतीस पॉइंट दोन, सिस्टर."



मग आवाज, अगदी कानाशी, काचेच्या अलीकडून. "चोळू नकोस."

दहा पावलं पुढे गेल्यावर त्याला आठवलं. दवाखान्याची वीज दोन वर्षांपूर्वी तोडलीय. आणि सिस्टर...

धावतच आला तो इथे. आम्ही सहासात जण होतो, झिंगलेले. त्याचा चेहरा चुन्यासारखा. मी म्हणालो, "काय रे, भूत बघितलंस की सासू?" सगळे खो खो हसले. त्याने फक्त बाटली पुढे केली. "देसांकाला चोळायला." आणि मी भरली. या हातांनी. वर म्हणालो, "एक घोट तिच्यासाठीही ठेव, सगळी स्वतः चोळू नकोस आतून." पुन्हा हशा.

त्या विनोदाला सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो.

परतताना तो दवाखान्यावरून गेला नाही. ओढ्याकडून वळसा घातला. बारा मिनिटं जास्त. ज्याने 'चोळू नकोस' सांगितलं त्या भुताला टाळायला बारा मिनिटं घालवली, आणि घरी जाऊन चोळली. पाठ, छाती, तळवे. व्हिनेगरचे मोजे. दहा वाजता बघितलं, छत्तीस पॉइंट आठ. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि जावयाकडे असं बघितलं की नोबेलच मिळालंय.

सव्वाअकराला देसांका त्याला स्वतःच्या वडिलांच्या नावाने हाक मारायला लागली. ओठ राखेच्या रंगाचे. अंग गार, आणि ओलं.

तेव्हा त्याने कागद फ्रिजवरून ओढून काढला.

जुन्या यूगो गाडीत मागच्या सीटवर तिला आडवी टाकली. तेवीस किलोमीटर. इस्पितळात पोचला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं. खिडकीत तीच बाई. हो, तीच. तिने देसांकाच्या कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावलं, हल्लीचं, टींग करणारं.

"छत्तीस पॉइंट सात. ताप नाही."

"होता. आम्ही राकिया चोळली. हा कागद बघा, बाई."

"हा बेलग्रेडचा. इथे गावच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते."

"गावात डॉक्टर नाही. दवाखाना बंद आहे."

"मग उघडेल तेव्हा आणा."

हसू नका. मीही पहिल्यांदा हसलो होतो. मग मला झोप आली नाही.

"डॉक्टरांना तरी बोलवा!"

"दोनशे खाटा आणि एक डॉक्टर आहे, भाऊ. ताप नसलेल्या माणसासाठी उठवू? बसा. सकाळी सातला बघतील."

बसायला जागा एकच होती. दारापासून तिसरा बाक.

तिहोमीरने तिला टेकवून बसवलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. श्वास छोटे छोटे, कुत्र्याच्या पिल्लासारखे. वरची ट्यूब फडफडत होती. भिंतीवर घड्याळ. बारा वीस. बारा पंचवीस. त्याने दोनदा खिडकी ठोठावली. आतल्या बाईने पडदा ओढून घेतला.

बारा सत्तावीस.

टिक... टिक... टिक...

आधी त्याला वाटलं घड्याळच. पण घड्याळ समोर होतं. आवाज डावीकडून येत होता. लांब बोळाच्या टोकाकडून. सायकल हातात धरून चालवली की मागचं चाक करतं ना, तसा.

बोळात कुणी नव्हतं.

टिक. टिक. टिक.

जवळ.

थांबला.

त्याच्या शेजारी बाक खचला. कुणीतरी बसलं की फळी दबते, तशी. त्याने मान वळवली नाही. वळेना. कोटाच्या स्टार्चचा वास. स्पिरिटचा वास. आणि खाली... ओल्या मातीचा.

सुत्. सुत्. सुत्.

एक हात देसांकाच्या गळ्याशी आला. हळूच बटण काढलं. काखेत काच सरकवली. हातावर इंजेक्शनं देऊन देऊन पडलेला तो घट्टा. त्याने ओळखला. त्याच्या पोराच्या पहिल्या लशीपासून ओळखीचा.

मग वाट बघणं.

पुरी दहा मिनिटं.

  फक्त देसांकाचा श्वास... आणि घड्याळ... आणि श्वास...

बारा अडतीस.

काच निघाली. पांढरं काहीतरी उठलं. खिडकीकडे गेलं. पडदा आतून ओढलेला होता. तो बाहेरून उघडला.

"किती?"

खिडकीतल्या बाईचं तोंड उघडलं. 

"किती आहे? वाच."

"चाळीस..." ती पुटपुटली. "चाळीस पॉइंट एक."

"मोठ्याने."

"चाळीस पॉइंट एक!"

"मी पेशंटसारखी बसले होते," आवाज म्हणाला. "सकाळ झाली. आता तरी उठ."

मग ती बाई जी किंचाळली! तीन मजले जागे झाले. आकडाच किंचाळत होती, पुन्हा पुन्हा. चाळीस पॉइंट एक, चाळीस पॉइंट एक. ड्युटीवरचा पोरगा डॉक्टर एका पायात चप्पल घालून धावत आला. त्याला ना सायकल दिसली ना कोट. दिसली फक्त बाकावरची राखाडी बाई. त्याने तिचं नख दाबून सोडलं, नखात रंग परत येईना. रक्तदाब बघितला. कागद वाचला. आणि ओरडला, "ही इथे कधीपासून आहे?"

एकाला सात मिनिटं असताना अँटिबायोटिकची बाटली लटकली. दोन सुयांतून आधी रक्त काढलं, तपासायला. त्यात जंतू सापडले, त्या छातीतल्या डबीच्या वाटेने आत उतरलेले.

पुढे बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाई तिहोमीरला म्हणाल्या, "राकियाने कातडी गार झाली. रक्त नाही. डोसनंतर दहाव्या दिवशी शरीराच्या घराला दारच नसतं. कुणीही शिरतं. अर्धा तास आणखी बसला असतात, तर मी तुमच्याशी हे बोलत नसते."

वाचली देसांका. एकोणीस दिवस काढले तिथे. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, कापली. परवा इथेच बसून तीन पेले प्यायली ती, आणि मला म्हणाली, "वुकाशिन, आठ बोटांनी तुला लाथ घालता येते, बघायचंय?" मी म्हणालो, घाल. खरंच घातली. बरं वाटलं.

खिडकीतल्या बाईने दुसऱ्या दिवशी बदली मागून घेतली, तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. चिठ्ठीचा नियम तसाच आहे. दवाखाना तसाच. कुलूप नवीन लावलंय, तेवढा खर्च केला त्यांनी. मला भुताची भीती नाही वाटत रे पोरांनो. मला चीड येते. जिवंत बाईचा ताप मोजायला मेलेल्या बाईला सायकल घेऊन तेवीस किलोमीटर यावं लागतं, आणि जिवंत माणसं पडदा ओढून बसतात, आणि आणखी एक जिवंत गाढव बाटली भरून देतं आणि विनोद करतं!

असो. पाटी का लावली ते कळलं.

खोटं वाटतंय, ओग्न्येन? वाटू दे. तुझ्या डोक्यावर खिळा आहे, त्याला पत्र्याची नळी लटकलीय. काढ. झाकण उघड. सांभाळून, काच आहे.

त्या रात्री इस्पितळातल्या खिडकीच्या फळीवर राहिला होता हा थर्मामीटर. तिहोमीरने खिशात टाकला आणि इथे आणून दिला, कारण त्याने ठिपका ओळखला. दिसला? बेचाळीसला, लाल. माझी हद्द.

आता एक सांगतो, ते तिहोमीरलाही माहीत नाही. स्तामेनाची पेटी बंद करायच्या आधी मी पुढे गेलो होतो. सगळ्यांना वाटलं कपाळाचं चुंबन घेतोय. मी तिच्या बॅगेतला हा थर्मामीटर तिच्या अंगावरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात सरकवला. म्हटलं, वरही कुणी चहात बुडवणारा भेटेल. शेवटची थट्टा माझी. मग मीच खिळे ठोकले. आठ. मोजून.

पारा कुठे आहे? चाळीस पॉइंट एक. बरोबर.

झटक. अजून झटक. मनगट सैल सोड.

मीही झटकतोय, तेव्हापासून. बर्फात ठेवला, विहिरीत सोडला. झटक, झटक...

उतरत नाही.